मनात दहा मोजा

...आणि वर मलाच विचारतात हो, "सर, पण तुम्ही आत गेलातच कशाला?" म्हणजे बावीस वर्षं मी पोरापोरींना शिकवतोय, दुसऱ्याला बोलतं कसं करायचं ते, आणि शेवटी फाइलमध्ये माझ्याबद्दल काय लिहिलं गेलं? तेही माझ्याच अक्षरात! माझ्याच सहीनिशी! पण थांबा, असं शेपटाकडून सांगून कळायचं नाही तुम्हाला, तोंडाकडून सांगतो. तुम्हाला सांगतो, या जगात थांबण्याइतकं अवघड काम दुसरं नाही.

मी स्पीच थेरपी शिकवतो. आजारात कुणाची वाचा जाते, कुणाची अडखळते, त्यांना परत बोलतं करायचं शास्त्र. माझ्याकडे येणारी पोरं पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला आलेली असतात, वर्गात अशी फाडफाड उत्तरं देतात की फळ्याने ऐकत राहावं, आणि खऱ्या पेशंटसमोर बसवलं की पाचव्या मिनिटाला पेशंट गप्प आणि ही बोलतायत! "काका, हे काय आहे?" विचारतात, आणि काकांनी ओठ विलग करायच्या आत, "पेला ना? हो, पेलाच! शाब्बास काका!" अहो, काका बोलले कुठे? शाब्बासकी कुणाला? पेल्याला? म्हणून पहिल्याच दिवशी मी फळ्यावर एक ओळ लिहितो: विचारा, आणि मनात दहा मोजा. कारण मेंदूला झटका बसलेल्या माणसाचे शब्द हरवलेले नसतात, कपाट तेच असतं, कपडे तेच असतात, फक्त कुणीतरी सगळे खण उलटेपालटे करून गेलेलं असतं. शोधायला वेळ द्या त्याला! हे मी पोरांना सलग दोन तास समजावून सांगतो. मध्ये श्वाससुद्धा न घेता.

तर यंदा बाहेर पडणाऱ्या तुकडीत एक मुलगी. तिला आम्ही सगळे हुंकार म्हणायचो. कारण ती फक्त "हं" म्हणायची. "नोट्स घेतल्यास?" "हं." "पेशंट बघितलास?" "हं." "अगं, छताचा पंखा पडतोय तुझ्या डोक्यावर!" "हं?" बस. लेखी परीक्षेत पहिली, तोंडी परीक्षेत परीक्षकच घसा कोरडा करून बाहेर. आणि आमच्या विभागप्रमुख मॅडम... त्यांचा आवाज म्हणजे बंद दारातून चहा नासवणारा... त्या मला म्हणाल्या, "अहो सर, जिच्या स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती दुसऱ्याच्या तोंडून काय काढणार? शेवटच्या प्रात्यक्षिकात मी तिला सोडणार नाही, सांगून ठेवते."

आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं. तिच्या घराजवळच्या इस्पितळात तिच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली, ती दुसऱ्याला. तिला हे सगळं मी नीट बसवून, तासभर, जीव तोडून सांगितलं. ती म्हणाली, "हं."

तिच्या वाट्याला पेशंट आले ते लिलाववाले काका. चाळीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस! कपाटं, आरसे, घड्याळं, कुणाच्या मोडक्या खुर्च्या... सगळा बाजार ज्याच्या एका आवाजावर उठायचा आणि बसायचा. चार महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली आणि आवाज गेला. कळायचं सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि उंबऱ्यावरून माघारी जायचा. काकू रोज सोबत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या, पिशवी मांडीवर घेऊन, आणि त्यांचं एकच मागणं, "सर, मला शिव्या दिल्या तरी चालतील हो, पण काहीतरी स्वतःचं बोलू देत."

आता आमची पद्धत सांगतो. खोलीत विद्यार्थी आणि पेशंट. मध्ये एक काच, त्यांच्या बाजूने आरसा, आमच्या बाजूने खिडकी. काचेमागे अंधारात मी, पुढ्यात माइक. विद्यार्थ्याच्या कानात बारीकसं यंत्र. मी इकडून कुजबुजायचं, त्याने तिकडे करायचं. आणि हुंकारला मी बजावलेलं, "अगं, तुला सुचत नाही ना? मग कानात येईल ते, येईल तसं, बेधडक बोलून टाकायचं! विचार करायचा नाही!"

इथेच चुकलं.

एके दिवशी मी काचेमागे बसलोय, माइक चालू, आणि बायकोचा फोन. घरी नळवाला आलेला. मी फोनवर म्हणालो, "त्याला म्हणावं, वॉशर बदल. नुसता दोरा गुंडाळून जाऊ नकोस, मागच्या वेळीही तसंच केलंस." आणि काचेपलीकडे हुंकार, काकांच्या डोळ्यांत डोळे घालून, अत्यंत मायेने, "काका, वॉशर बदला. नुसता दोरा गुंडाळून जाऊ नका. मागच्या वेळीही तसंच केलंत."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग आरशाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून त्या माणसाचा आरशावर राग बसला तो बसलाच. आणि काकू? काकूंनी दुसऱ्या दिवशी पिशवीतून कागदाची पुडी काढली. "सर, कुठल्या मापाचा लागतो ते कळेना, म्हणून दोन्ही आणले." मनात दहा मोजले. त्या दोन वॉशरांतला एक आमच्या नळाला बसला, हे जाता जाता सांगतो.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. मॅडम येऊन काचेमागे माझ्या शेजारी बसल्या, आणि बसता बसता माइकची वायरच उपटली! "कानातलं यंत्र बंद. तिचं तिला करू द्या. पेशंट आपणहून तीन शब्दांचं स्वतःचं वाक्य बोलला पाहिजे, तरच पास. आणि पाठ असलेलं चालणार नाही. आकडे, गाणी, शिव्या, हे वाचा गेली तरी शिल्लक राहतं. तुम्हीच शिकवता ना? आणि हो सर... तुम्ही तोंड उघडायचं नाही."

अर्धा तास! मी! तोंड!

हुंकार आत आली. बाहेरच्या बाकाजवळचं बंद पडलेलं टेबलावरचं घड्याळ घेऊन आली, काकांपुढे ठेवलं, आणि म्हणाली... चक्क बोलली... "काका, हे विकायचंय." आणि गप्प. तिला मनात मोजता येत नाही, म्हणून ती टेबलावर एकेक बोट उघडून मोजते. एक बोट. दुसरं. तिसरं. काकांची नजर बोटांवर. दहा झाली. काका गप्प. मला वाटलं, आता ही "घड्याळ ना काका?" म्हणणार. छे! मुठी मिटल्या आणि परत पहिलं बोट! दहा-दहाच्या फेऱ्या चालल्या होत्या हो! त्या शांततेत मला माझे केस पिकताना ऐकू येत होते. मी रुमाल तोंडात धरला होता, त्यातला निम्मा चावून संपला. तेवीस मिनिटं गेली. मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे बघतायत, मी काकांच्या ओठांकडे बघतोय, आणि अचानक, काका, बोटांकडे बघत, छातीतून...

"एक... वार!"

काकूंच्या मांडीवरची पिशवी खाली.

"दोन... वार! तीन... वार!" आणि टेबलावर पंजा असा आपटला की बंद पडलेलं घड्याळ चालू झालं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी बघितलंय.

मी तर उडालोच! पण मॅडम थंडपणे म्हणाल्या, "पाठ असलेलं. चाळीस वर्षं घोकलेलं. धरता येणार नाही." आणि लिहिलं काहीच नाही. राहिली सहा मिनिटं. आणि आत ही मुलगी काय करते? पुन्हा थांबते! पुन्हा पहिलं बोट! अहो, लोखंड तापलंय, घाल ना घाव! वर्ष चाललंय तुझं! तुम्हाला सांगतो, थांबणं... थांबणं माझ्या रक्तातच नाही हो. मॅडमनी माझी बाही धरली असावी, कारण नंतर बाहीचं बटण त्यांच्या हातात सापडलं. मी दार उघडून आत!

"वा काका वा! काय आवाज! आता सांगा बघू, काय विकलंत? हे काय आहे? घ... घ... घड्या... म्हणा, घड्या..."

आणि हुंकारने... दोन वर्षांत पहिल्यांदाच... मला अडवलं. शब्दाने नाही. नुसता डावा तळवा माझ्यासमोर धरला. मी गप्प झालो. कसा झालो, माझं मलाच कळलं नाही. उजव्या हाताने ती टेबलावर मोजायला लागली. एक. दोन.

काकांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मालाकडे बघितलं असेल, तसं बघितलं. टक्कल बघितलं, पोट बघितलं, बुटांचे तळ झिजलेत का बघितलं, मान तिरकी करून बाजूनेसुद्धा बघितलं. एका हाताची बोटं संपली, तिने मूठ मिटून परत उघडायला घेतली. सहा. सात.

"हा..."

आठ. नऊ.

"...फुकट..."

दहा. माझ्या तोंडात पुढचा शब्द तयार होता. तळवा हलला नाही. परत एक. दोन. तीन.

"...दिला... तरी... नको."

काचेमागून मॅडमनी टाळी वाजवली. मग त्यांना आठवलं की आपण परीक्षक आहोत. काकू रडत होत्या आणि हसत होत्या, "अहो, बोललात! अहो, पुरतं बोललात!" आणि माझ्याकडे वळून, डोळे पुसत, अगदी मनापासून, "सर, वाईट वाटून घेऊ नका हं. मालाच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नाहीत."

मला वाटलं, चला, पोरगी पास, आपली शोभा झाली ती झाली. पण मॅडमनी आत येऊन फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "पेशंटचं वाक्य पर्यवेक्षकाने भरायचं असतं." भरा! रुग्णाचे वाक्य हुबेहूब लिहा. लिहिलं. कोणाला उद्देशून? लिहिलं. शब्द किती? पाच. नकार योग्य जागी आला का? आला. आणि शेवटचा रकाना... हा फॉर्म मीच तयार केलाय बरं का, नऊ वर्षांपूर्वी, फार हुशारीने... शेवटचा रकाना: विधान प्रसंगाला व वस्तुस्थितीला धरून आहे का? हो किंवा नाही. आणि खाली माझीच टीप, ठळक अक्षरात: 'नाही' असल्यास वाक्य ग्राह्य धरू नये.

मी पेन हातात घेऊन मॅडमकडे बघितलं. म्हटलं, "मॅडम, प्रसंगाला धरून आहे, पण वस्तुस्थितीला म्हणाल तर..."

मॅडम काही बोलल्या नाहीत. काकू काही बोलल्या नाहीत. काकांनी तर आपलं मत दिलंच होतं. आणि हुंकार टेबलाशी उभी, माझ्याकडे बघत, एक बोट उघडलेलं. मग दुसरं. मग तिसरं... तिचं वर्ष त्या एका खुणेवर टांगलेलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. चकार! थांबली होती. मी शिकवलं होतं ना!

सातव्या बोटाला मी 'हो' वर खूण केली. सही केली. हुंकार म्हणाली, "हं." आणि वाकून फाइल उचलताना, हळूच, "थँक यू, सर." पुरे तीन शब्द. आपणहून.

घरी गेलो. बायकोला इत्थंभूत सांगितलं, काच, बोटं, घड्याळ, फॉर्म, सगळं. ती भाजी निवडत ऐकत होती. माझं संपलं, तरी ती गप्प. मला दिसत होतं, मोजत होती. बरोबर दहाला तिने मान वर केली.

"पंचवीस वर्षांपूर्वी कुठे होते हो हे काका?"

मी मनात मोजायला घेतलंय. परवापासून मोजतोय... अजून दहा होत नाहीत.