टर्बोच्या तोंडातला झेंडू

राव, हसणार नसाल तर सांगतो. आमच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये मी आणि सागरनं टर्बोवालं रोटरी इंजिन बसवलं ना? पिस्टनच नाही, आत तिकोनी रोटर गरगर फिरतो. वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या महाळुंग्यात, सागरच्या शेडमध्ये गेल्या. शेवटी दसऱ्याला ते पहिल्यांदा चालू करायचं ठरलं.

"आधी पूजा," सागरचे वडील, अण्णा म्हणाले.

"लवकर उरका, अण्णा. एअर फिल्टर अजून यायचाय, पण आवाज आजच ऐकायचाय," मी म्हणालो.

हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. मी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच फटक्यात पेटलं!

"भावा, रेस दे!" सागर ओरडला.

मी दिली. फर्रर्र झालं आणि इंजिन गप्प. उतरून बघतो तर टर्बोच्या तोंडातून नुसता दोरा लोंबतोय. झेंडूचा अख्खा हार आत!

"अण्णा, हार तिथं कुणी घातला?" मी विचारलं.

"मीच की. एवढ्या पसाऱ्यात तेवढंच एक गोल, चकचकीत दिसलं."

"अहो, ते हवा आत ओढतं!"

"व्हय? मग उघडं कशापायी ठेवलं?"

इंजिन परत बाहेर काढलंय. पाकळ्या निघाल्या, पण दोरा अजून टर्बोच्या पात्यांत अडकलाय. आणि अण्णा गावभर सांगत फिरतायत, "आमच्या गाडीनं वाहिलेला हार आपणहून घेतला. लई जागृत इंजिन हाय!"

काल शेजारच्या दोघीजणी नारळ घेऊन आल्या होत्या.