स्लॉथ सरळ, पक्षी उलटा

स्लॉथ नावाचा प्राणी तुमच्यापैकी कोणी पाहिलाय का? मीही नव्हता पाहिला, म्हणून तर हे झालं.

माझा भाऊ भिवंडीतलं कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याशेजारचं घर सोडून काल्हेरला नव्या इमारतीत गेला आणि त्याची पाच वर्षांची मुक्ता दुपारची झोपेनाशी झाली. जन्मापासून लूमच्या खटखटीत झोपलेली पोर. शांततेत नुसती टक्क जागी राहायची.

तिचं मन रमावं म्हणून भावाने पडद्याचं कापड आणलं. फांदीवर गाणारा निळा पक्षी आणि शेजारी एक केसाळ, हसरा प्राणी. तो उलटा दिसला, म्हणून मी कापड फिरवून घरी पडदा शिवला. पक्षी उलटा झाला, पण म्हटलं, पोपट नाही का लटकत?

पडदा लावल्यावर मुक्ता म्हणाली, "आत्या, हा स्लॉथ आहे. तो उलटा लटकून दिवसभर झोपतो. पक्षी सरळ बसून गातो."

भाऊ हसून म्हणाला, "ताई, एवढी वर्षं शिवतेस!"

मी पडदा काढला, उसवला आणि तिथेच वहिनीच्या मशीनवर दुसऱ्या बाजूने शिवायला बसले. मशीन खटखटू लागलं. मुक्ता जवळ येऊन जमिनीवर आडवी झाली. खिडकीतून ऊन हळूहळू तिच्या केसांवर सरकलं.

शिवण कधीच संपली होती. मी दोरा काढून नुसतंच मशीन चालवत होते.

भाऊ डोकावला. "ताई, झालं का?"

"हळू बोल," मी म्हटलं, "पक्षी गातोय, स्लॉथ झोपलाय."