निरोपाचे पोहे

...नाही, मी म्हणतो, माणसाला रिटायर व्हायला लिंक कशाला लागते? सांगा ना! लिंक! तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, आमच्या देवासच्या कारखान्यात आम्ही चौदा जण होतो ना, तेव्हा मालकसुद्धा नुसता 'वीरू भिया', म्हणजे भैया हो, होता, लेथवर कृष्णाजींच्या हाताखाली शिकलेला, चुकला की कृष्णाजी पाठीत धपाटा घालायचे, आणि आता आम्ही झालो चारशे, तर त्याचे 'वीरेंद्र सर' झाले आणि दिसतात फक्त लिफ्टशेजारच्या फोटोत... मोठी झाली हो कंपनी, मोठी झाली!

एक रीत होती आमची. रिटायर होणाऱ्यानं शेवटच्या दिवशी स्वतः कढईपाशी उभं राहायचं, सगळ्यांना पोहे द्यायचे, वरून शेव, जीरावणाचा झणझणीत मसाला, आणि पहिली प्लेट मालकाची. मालक खाली मांडी घालून खाणार, मग बाकीचे. बस्स! शाल नाही, भाषण नाही. आमचे यशवंतराव रिटायर झाले तेव्हा वीरू भिया तीन प्लेटा खाऊन रडला होता. आता जीरावणामुळे असेल म्हणा, पण रडला ना!

तर यंदा कृष्णाजी निघाले. एकतीस वर्षं! मला म्हणाले, "बापू, मला दुसरं काही नको रे. वीरूला माझ्या हातची प्लेट द्यायचीय." एवढंच हो! मी स्टोअरकीपर माणूस, गेलो अनन्या मॅडमकडे. या नव्या, मोठ्या शहरातून आणलेल्या, कशासाठी? तर कंपनीत कल्चर आणायला! म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडे काय गवत उगवलं होतं? मॅडम म्हणतात, "ओ बापूजी, सो स्वीट! लेकिन बाहर का खाना अलाउड नहीं है ना. फेअरवेल का स्लॉट है, पौने पाँच से पाँच, ऑनलाइन. सर भी जॉइन करेंगे!"

मग काय, कृष्णाजी इस्त्रीचा शर्ट घालून स्टोअरमध्ये, ऑइलच्या डब्यांत, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीनवर काय? 'थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल.' पंधरा मिनिटं थांबलो! पाच वाजले, ते आपोआप बंदच झालं. कृष्णाजींनी जेवणाचा डबा उचलला नुसता. पण काय करता... मोठी झाली हो कंपनी, मोठी झाली!

थांबा, पुढे तर ऐका! सुटी झाली, फाटकाशी कार्ड लावायचं, मग एकेकानं बाहेर. कृष्णाजींनी कार्ड लावलं. लाल दिवा! पुन्हा लावलं. लाल दिवा, वर भोंगा! आणि भोंगा वाजला की गाड्यांचं मोठं फाटकही आपोआप बंद, सुरक्षा ना! गार्ड म्हणतो, "भिया, सिस्टम में इनका नाम दोपहर को ही कट गया. अब जो अंदर है ही नहीं, उसको बाहर कैसे निकालूँ?" घ्या! तिकडे आत घेईनात, इकडे बाहेर सोडेनात! मागे चारशे माणसं, त्यांच्या मागे पीं-पीं करत सरांची गाडी, आणि कुलूप उघडणारा साहेब बसलाय बेंगळुरूला, फोन उचलत नाही!

फाटकाच्या पलीकडे पोहेवाल्याचा ठेला. मी ओरडलो, "भिया, ठेला इधर सरका!" कढई बाहेर, कृष्णाजी आत, गजांतून हात घालून झाऱ्यानं पोहे काढतायत! सर गाडीतून तणतणत उतरले, "कौन है ये, क्या तमाशा..." आणि बघतात तर कृष्णाजी. हातात प्लेट. "वीरू, खाली बस."

आणि तुम्हाला सांगतो, बसला! कोटबिट घालून, डांबरावर, मांडी घालून! हळूच म्हणतो, "काका, जीरावण जरा जास्त." मग चारशेच्या चारशे बसले. बेंगळुरूहून फाटक उघडेपर्यंत चाळीस मिनिटं! अनन्या मॅडमनी तर दोन प्लेटा खाल्ल्या. कृष्णाजींचे डोळे वाहत होते, माझेही, आणि मी जीरावण घेतलंच नव्हतं.

वाटलं, चला, आली कंपनी ताळ्यावर. सोमवारी मेल! 'गेटवरील उपक्रम अत्यंत यशस्वी. यापुढे दर तिसऱ्या शुक्रवारी पाच ते पाच चाळीस फाटक बंद राहील. हजेरी सक्तीची. सर्वांनी मनमोकळेपणानं वागावं.' खाली प्रमुख म्हणून नाव कुणाचं? माझं!

काल झाला ना तसला पहिला शुक्रवार. सर होते, हो, स्क्रीनवर. मी पहिली प्लेट स्क्रीनपुढे धरली, तर म्हणतात, "बापूजी, थोड़ा ऊपर, कैमरे में." ...मोठी झाली हो कंपनी! आणि गजांपलीकडे ठेल्यापाशी कृष्णाजी, आरामात चहा पीत. म्हणाले, "बापू, तुझी किती वर्षं राहिली रे?"

"तीन," मी म्हटलं, "फाटक उघडलं तर!"