कुंपणावरची गोकर्ण

विश्वास कुणावर ठेवायचा, हर्षल सर — चित्रकलेच्या मास्तरावर, का जलमभर कापड हाताळलेल्या माणसाच्या डोळ्यावर? बसा, बसा, चहा येतोय. मिरजगावात येऊन आसाराम शेठच्या घरनं कोरड्या तोंडानं गेलात तर बाजारात माझं नाक कापलं जाईल. — तर तुमी म्हणता, आमच्या बायकोनं, सुकन्यानं, परसबाग झकास रंगवलीय. रेघ कुठंच न्हाई, नुसते फटकारे, जवळनं चिखल अन् लांबनं बाग — नगरच्या प्रदर्शनात मांडू. मी बी मागं सरून पाहिलं. दिसते की बाग! पण एक सांगा, हे असलं हळदीसारखं ऊन कवाचं? सांजंचं? तुमाला तसं वाटणारच. अहो, तिनं हे सकाळी काढलंय, मी शेजारीच दाढी करत हुतो. अन् ही कुंपणावरची मातकट वेल — ती गोकर्ण हाय. निळीशार. तिनंच लावलेली.

आमचं मॅचिंग सेंटर कुणाच्या जिवावर चालतं? पाटी माझी, नजर तिची. एकदा कर्जतची एक बाई साडी घरीच विसरून आली. म्हणाली, "पिकल्या जांभळासारखी हाय, पण उन्हात धरल्यावानी." हिनं ढिगातनं ब्लाऊजपीस ओढून दिला. दुसऱ्या दिवशी बाई हजर — मी म्हटलं, आली भांडायला — तर हातात पेढे! अन् आता? मरून रंग मागितला की तपकिरी काढते, मोरपंखीला राखाडी. गिऱ्हाईक वरडत न्हाई का? कसं वरडंल — पिशवीत घालताना मी बदलतो ना गुपचूप...

हां. निघालं तोंडातनं. तिला ठाऊक न्हाई. डोळे दाखवू म्हटलं की म्हणते, "एक तरी पीस परत आला का माझा?" तिच्या आईचा डोळा ऑपरेशन करून बी गेला, त्याची लई धास्ती घेतलीय तिनं. अन् तुमी मगाशी म्हणालात, "वहिनी, तुमची नजरच कलाकाराची!" — ऐका, आत गुणगुणतीय. आता कशाला जाते ती डॉक्टरकडं? म्हणंल, सर शिकलेले, तुमी कापडवाले.

खरं सांगा, सर. पानाच्या शिरा, फांदीची कड — रेघा तिनं मुद्दाम सोडल्यात, का तिला दिसतच न्हाईत? ...परत चित्राजवळ का गेलात? तुमाला बी तसंच वाटतंय ना? मग तुमीच सांगा तिला. आज, तिच्या तोंडावर. उशीर झाला तर मी काय पिशवीत तिचे डोळे बदलू?

आली. ये गं, ये — सर, कप तुमीच पुढं होऊन घ्या, ट्रे जरा तिकडं चाललाय... काय न्हाई गं, व्यवहाराचं चाललं हुतं. त्यांना म्हटलं, चित्र विकलं गेलं तर... असं बघू नका हो माझ्याकडं. चहा घ्या. एवढंच म्हणत हुतो, सर — हिशेब चोख ठेवा, आजचा आजच.