गोळी न घेता

दुखत नाही हो, अजिबात नाही — ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या डोक्याला बांधतात, जराशी वीज सोडतात, मुंग्या आल्यासारखं होतं, एवढंच. आणि तेवढ्यात समोरची बटणं ठरलेल्या क्रमानं दाबायची. कंपवाताचा हात विजेच्या मदतीनं नवीन काही शिकतो का, ते इथले डॉक्टर बघतात. मी शिंपी, चाळीस वर्षं काजं केली — या बोटांना काय शिकायचं राहिलं होतं? पण राहिलं होतं. पहिल्या दिवशी निम्मी बटणं चुकली. घरी शर्टाची बटणं बायको लावते — शिंप्याच्या शर्टाची, ते जास्त लागतं.

चाचणीच्या दिवशी गोळी न घेता यायचं, सांगितलंय ना तुम्हाला? हां. मी घेतली. इथल्या जिन्याच्या आडोशाला, पाण्याशिवाय गिळली. कशासाठी? उगाच. चाचणी घेणारी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, तिच्यासमोर हात उडत राहावा असं वाटेना — झालं. एक बटण चुकलं नाही. पोरीचा चेहरा असा फुलला, म्हणाली, काका, कमाल केलीत. आणि मी — मी मान डोलावली.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण याच बाकावर एक मास्तरीणबाई बसायच्या, त्यांनाही हाच आजार. विचारलं त्यांनी, गोळीशिवाय एवढं जमलं तुम्हाला? हो तर, म्हटलं, आता गोळीची गरजच वाटत नाही. छाती काढून म्हटलं, बरं का. त्यांनी घरी जाऊन गोळ्या बंद केल्या, कुणाला न सांगता. पाचव्या दिवशी न्हाणीघरात पाय जागचा हलेना, तशाच कोसळल्या — खुब्याचं हाड मोडलं. नाही, भेटलो नाही. त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो एकदा. आत कुणाला तरी सांगत होत्या, त्या शिंपीकाकांना बरं वाटलं, मलाही वाटेल. तसाच मागे फिरलो.

बायकोला? तिला काय सांगणार. ती शेजारीपाजारी माझं कौतुक सांगत फिरते. काल शिलाईमशीन पुसून, तेल घालून ठेवलं तिनं.

आज त्या डॉक्टर पोरीला सांगायचंच म्हणून आलोय. माझा त्या चाचणीचा कागद खोटा आहे, फाडून टाक — पाठ केलंय सगळं. सकाळपासून पाठच करतोय.

बोलावलं वाटतं. हो, नंबर माझाच आहे आधी, पण — तुम्ही जा. जा हो, मला काही घाई नाही.