किसनाच्या नावाचा पुकारा

भुतांच्या बातम्या मी कधी छापल्या नाहीत, पण हे माझ्या कानांनी ऐकलंय. गटारात गुदमरून मेलेल्या किसनाची बायको बुलडाण्याच्या कोर्टात त्याच्या जागी नोकरी मागत होती. नगरपालिकेच्या वकिलानं नेहमीचंच निर्लज्ज उत्तर दिलं होतं, "असा माणूस आमच्याकडे नव्हताच. आम्ही त्याला ओळखत नाही."

पुढच्या तारखेला शिपायानं चुकून बायकोऐवजी मेलेल्या किसनाच्याच नावाचा पुकारा केला.

बाहेरून आवाज आला, "हाव, आलो जी."

व्हरांड्यात कोणीच नव्हतं. वकील पांढराफटक पडला. "हा तर किसनाच," तो पुटपुटला.

बाई शांतपणे म्हणाली, "तुमी तं वळखणारच, साहेब. तुमच्या गल्लीतल्या नाल्या तोच काढे."

न्यायाधीश लेखनिकाकडे वळले. "वकीलसाहेब काय म्हणाले, ते लिहून घ्या."