डबीतलं तूप

नाही, रुमाल नंतर. आधी बोट घाला. इथे, या पितळी डबीत — घाला ना यशवर्धन भिया, चावत नाही ती. काय लागलं? चिकट. आता वास घ्या. घ्या, घ्या, तोंड कशाला वाकडं करता, तुमच्याच घरचा माल आहे. हं, तूप! घरी कढवलेलं साजूक तूप, आता खवट झालेलं. जिथे जाडं, काळपट सिलिंडर ऑइल हवं, तिथे तूप. आणि फोनवर तुम्ही मला काय सांगता — देवयानी, इंजिन खराब झालंय, किंचाळतं आणि दोन हात जाऊन थांबतं. किंचाळणार नाही तर काय भजन म्हणणार?

बसा त्या स्टुलावर. फोन खिशात ठेवा, पलासियाचं तुमचं बिल्डरचं ऑफिस तुमच्याशिवाय घटकाभर चालेल, उलट बरं चालेल. ऐका. बॉयलरमधून वाफ निघते, सिलिंडरकडे जाते, रस्त्यात ही डबी. थोडी वाफ डबीत शिरते, थंड होते, तिचं पाणी होतं. पाणी जड, ते तळाला बसतं, तेल वर उचललं जातं, आणि वरच्या या भोकातून — दिसतंय? नाही दिसणार, सुईचं टोक जेमतेम जाईल एवढं आहे — तिथून जरा जरा तेल वाफेबरोबर आत. पंप नाही, मोटर नाही, बटण नाही. पाणी तेलाला ढकलतं, बस. मी स्कॉटलंडमध्ये मोठमोठ्या लॅबमध्ये काम केलं, पण इतकं साधं आणि इतकं हुशार काही पाहिलं नाही. आणि हे तुमच्या आजोबांनी, जयसिंगरावांनी, म्हणजे आपल्या आबासाहेबांनी, महूच्या घराच्या मागच्या पडवीत स्वतःच्या लेथवर बनवलं. हातभर लांबीचं इंजिन, खरी वाफ, खरा कोळसा, मागच्या ट्रॉलीवर चार पोरं बसली तरी ओढतं. तुम्ही काय बनवलंत आयुष्यात? ब्रोशर. सॅम्पल फ्लॅट.

हसू नका. मी चिडले की लोक हसतात इथे, मला सवय आहे.

तूप वितळलं असेल, कबूल. गरम झाल्यावर थोडं आतही गेलं असेल. पण घरचं तूप, भिया! त्यात बेरी असते. ती बेरी वाहत वाहत गेली आणि भोकात जाऊन बूच होऊन बसली. तेल बंद. पिस्टन कोरडा, व्हॉल्व्ह कोरडा, धातूवर धातू. ही रेघ बघा, नख फिरवा, अडकतं ना? काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासत बसले मी, तेव्हा कुठे एवढी राहिली. आणि जे तूप आत पोचलं ते जळून पिस्टनवर डांबरासारखं चिकटलेलं. ते जाऊ दे — हे चाकांच्या दांड्यावरचं तेलाचं भोक, यात काय सापडलं? कुंकू. हळद-कुंकू, तेलात कालवलेलं, छान लेप. आणि धुराड्यातून झेंडूच्या पाकळ्या. मतलब, वेडे आहात का तुम्ही लोक?

हो, माहितीये, खंडेनवमी. शस्त्रपूजा. तलवार, पणजोबांची बंदूक, आणि त्यांच्या शेजारी पाटावर इंजिन. करा ना पूजा, माझी कुठे ना आहे? आमच्याकडेही बाबा बँकेच्या कॉम्प्युटरला फूल वाहतात. पण कॉम्प्युटरच्या पंख्यात कुंकू नाही ओतत! यंत्राला हात जोडायचे आणि ते चालतं कसं हे बघायचं नाही — याचीच, याचीच चीड येते मला. स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणणाऱ्या या शहराला झाडू कळतो, तेल नाही कळत. पितळ बघा कसं चमकवलंय. कुणी, तुम्ही? फोटोसाठी? वा! पॉलिशची पांढरी पूड सगळ्या सांध्यांत. बाहेरून आरसा, आतून खरवड.

माहितीये मला तुम्हाला काय हवंय. काचेची पेटी. तुमच्या रिसेप्शनमध्ये, खाली लाइट, बाजूला पाटी, आमच्या आजोबांची कलाकृती. रविवारी इंजिन चाललं तर देवयानीचं, नाही चाललं तर शोकेस — असं ठरलंय ना आपलं? आबासाहेबांनीच हसत हसत मान्य केलं होतं. तर ऐकून ठेवा, चालणार. महूच्या शाळेच्या मैदानावर मी गोल रूळ टाकलेत, पाचवी-सहावीची पोरं येणार आहेत, आणि आबासाहेब चालवणार. मी नाही. ते. ऐंशी पार केलेला माणूस पोरांसमोर वाफ धरणार आणि सांगणार, बघा रे, हे असं असतं. तिथून पुढे दर रविवारी. एक वर्ग, पोलोग्राउंडच्या या शेडमध्ये. ते शिकवतील, मी सोबत असेन. यासाठीच परत आले मी, भिया. तिकडे नोकरी होती, चांगली होती. आई अजून शेजारणींना सांगते की व्हिसाचा काहीतरी प्रॉब्लेम झाला. नाही झाला. मी आले. कारण दहा वर्षांची असताना या इंजिनाच्या मागे बसले होते आणि आबासाहेब म्हणाले होते, पोरी, पेटवण्याआधी डबी रिकामी कर, पाणी काढ, बोट घालून बघ, मग तेल भर. वर्गात कोणी मला असं काही शिकवलं नव्हतं. इथे दुसरं आहे कोण माझं — म्हणजे, या कामात. या कामात म्हणतेय मी.

तर सीधी बात. रविवारपर्यंत हे इंजिन इथून हलणार नाही. आणि आजीसाहेबांना, द्वारकाबाईंना सांगा, पूजेचं तूप निरांजनात घालायचं. डबी दिसली की ओतलं, असं नाही. वाईट वाटेल त्यांना? वाटू दे. निम्म्या वस्तू अशाच मरतात या गावात, प्रेमानं, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. त्यांना वाटलं असेल दिवाच आहे. किंवा ती तुमची बहीण, सोनल, रील बनवत होती ना तिथे? किंवा तुम्ही स्वतः. खरं सांगा, तुम्हीच असणार, तुमच्याच तोंडावर आहे ते—

कोण?

नाही.

नाही हो, काहीतरीच. आबासाहेब कशाला घालतील? ज्यांनी डबी बनवली ते— हो? दरवर्षी? शस्त्राला तूप लावतात म्हणून यालाही, हां, हे ठीक है, हे समजू शकते. मग दसऱ्याला सकाळी स्वतः काढायचे, उकळत्या पाण्यानं धुवून, तार घालून भोक साफ करून, नवं तेल भरून. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बरोबर. बरोबर, हे त्यांचं वाटतं. लहानपणी मी फक्त चालताना बघितलं, हे दसऱ्याच्या सकाळचं कुठून बघणार.

आणि यंदा?

यंदा काढलं नाही. काढलं असं म्हणाले, पण काढलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, तर रागावले? कधीच भरलं नव्हतं म्हणाले. कधीच. हं. आणि मग परवा थेट पेटवलं. बोट न घालता.

एक मिनिट थांबा. नाही, पाणी नको मला.

बघा, ऐंशीच्या पुढे माणूस विसरतो. माझे बाबा साठीत चष्मा डोक्यावर ठेवून शोधतात. याचा काय एवढा— मागच्या आठवड्यात मला रमा म्हणाले फोनवर. दोनदा. मी म्हटलं लाइन खराब असेल, मी म्हटलं चेष्टा करतायत, ते करतातच चेष्टा. रेग्युलेटरचं, वाफ सोडायच्या त्या दांड्याचं विचारत होते, तो बसवला का म्हणून, आणि तो तर गेल्या वर्षी त्यांनीच बसवला माझ्यासमोर. मी हो म्हटलं. काय म्हणणार? हो म्हटलं आणि विषय बदलला. रमा कोण हो? … त्यांची बहीण. कधी वारल्या? … अच्छा. म्हणजे मी जन्मायच्याही आधी.

तुम्हाला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं आणि मला इंजिन आणून दिलंत, खराब झालंय म्हणून. वा भिया. मी अर्धा तास आजीसाहेबांना शिव्या घालतेय आणि तुम्ही स्टुलावर बसून ऐकताय. डॉक्टरकडे नेलं? नेलं. काय म्हणाले? … नको, राहू दे. तुमच्या तोंडावरून कळलं. म्हणून काचेची पेटी. तुम्हाला वाटलं, पेटीत गेलं की कुणाला काही कळायला नको, त्यांना पण. हा चांगुलपणा आहे तुमचा? त्याचीच जास्त चीड येतेय मला. तुमच्यासारखा माणूस चांगला वागला की जास्त राग येतो.

पेटी नाही. कळलं? रविवार होणार. तेच चालवणार. हात त्यांचा रेग्युलेटरवर, डबी माझ्याकडे. पाणी मी काढीन, तेल मी भरीन, भोकात तार मी घालीन, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहीन. पोरांना काय कळणार, त्यांना वाफ दिसेल. त्यांनी रमा म्हटलं तर ओ देईन. वर्गाचं— वर्गाचं नंतर बघू. मी बघीन. तो तुमचा प्रश्न नाही.

आता घरी जा आणि त्यांनी विचारलं, इंजिनाला काय झालं होतं, तर सांगा, देवयानीनं दिवाळीत जे तेल दिलं होतं ते भिकार होतं. हो, मी दिलेलं. सांगा, परदेशात शिकून आली आणि साधं तेल ओळखता येत नाही. खूप शिव्या देतील मला. देऊ द्या. बरं वाटेल त्यांना. आजीसाहेबांसमोर सांगा, मोठ्यानं, म्हणजे राहील लक्षात. तुपाचं नाव काढायचं नाही. काढलंत तर गाठ माझ्याशी आहे.

उठा. हात पुसा त्या कापसानं, त्या नाही, त्या स्वच्छ. आणि बघत काय उभे राहिलात? निघा ना. शटर अर्धं खाली ओढून जा, मला काम आहे.